हिवाळ्यातली भाकर आणि डब्यातली लाज

डिसेंबरची सकाळ. सिंदी (रेल्वे)च्या फलाटावर धुके असे दाटलेले की रुळापलीकडचे झाड दिसू नये. कानाला रुमाल बांधलेली, शालीत गुरफटलेली माणसे नागपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असतात. कुणी कारखान्यात जाणारे, कुणी कचेरीत, कुणी कॉलेजात, तर कुणी भाजीचे गाठोडे घेऊन बाजाराला. प्रत्येकाच्या पिशवीत जेवणाचा डबा असतो. आम्हीही त्यांच्यातलेच एक. बी.कॉम. झालो, कारकुनाच्या खुर्चीवर बसलो, आणि तेव्हापासून आमचा डबा आमच्यासोबत जा-ये करतो आहे. गाडीत एकाने डबा उघडला की कुणाच्या घरी काय शिजले ते साऱ्यांना कळते. हिवाळ्यात तर विचारूच नका. भाजलेल्या तुरीच्या दाण्यांचा, लसणाच्या फोडणीचा आणि ज्वारीच्या भाकरीचा तो वास आला की थंडी निम्मी पळते.

परंतु आज आम्ही लिहायला बसलो आहोत ते या वासाचे कौतुक करण्यासाठी नव्हे. एक प्रसंग घडला आणि आम्हाला लिहिणे भाग पडले.

मागील हिवाळ्यात आमची मुलगी एके दिवशी शाळेतून आली ती थेट आपल्या खोलीत गेली. ती तेव्हा आठवीत होती. संध्याकाळी डबा घासायला काढला तर तो भरलेला! सकाळी दिलेली भाकर आणि सोल्यांची भाजी जशीच्या तशी. फार विचारल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला उद्यापासून भाकर नको. मुली हसतात. म्हणतात, हे काय गावंढळ जेवण आणलंस." आमच्या सहचारिणी गप्प बसल्या. पहाटे पाच वाजता थंड पाण्यात हात घालून त्यांनी ती भाकर थापली होती. आमची आई मात्र चुलीजवळून म्हणाली, "हासू दे व त्यायले. आमी उपाशी होतो तवा कोणी हासाले बी आलं नाही."

आईचे ते वाक्य ऐकले आणि आमचीच मान खाली गेली. कारण हीच चोरी आम्हीही केली होती.

आम्ही पाचवी-सहावीत असू. आमच्या फडक्यात ज्वारीची भाकर आणि वर मिरचीचा ठेचा असायचा. वर्गातल्या काही मुलांच्या डब्यात पोळी असायची, साखर-तूप असायचे. आम्ही शाळेच्या वाटेवर भाकर गाईला घालायचो आणि दिवसभर उपाशी राहायचो. आईला वाटायचे, पोरगा जेवतो आहे. त्या भाकरीची ज्वारी आईने दुसऱ्याच्या शेतात कापणी झाल्यावर सरवा वेचून आणलेली होती, एक-एक कणीस उचलून. हे आम्हाला कळले तेव्हा आम्ही नोकरीला लागलेले होतो. त्या दिवसांत आम्ही गाईला जे घातले ते भाकर नव्हते, आईची कंबर होती. ही गोष्ट मुलीला सांगावी की नाही, याचा आम्ही दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितली.

हिवाळ्याचे आपले ताट

विदर्भाचा उन्हाळा साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण येथील थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत कौलाच्या, टिनाच्या घरात राहणाऱ्या माणसाला ऊब मिळते ती दोनच ठिकाणी : शेकोटीजवळ आणि ताटाजवळ. आणि निसर्गाचा हिशेब असा की थंडी पडते त्याच दिवसांत शेतात खायला सर्वांत जास्त असते.

तुरीच्या शेंगा भरतात. वांगी कोवळी मिळतात. हरभऱ्याचे शेंडे खुडायला येतात. मेथी, पालक, सांबार यांचे बाजारात ढीग लागतात. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) बोरे पिकतात. नवा गूळ, नवे तीळ येतात. घरात जवसाची चटणी कुटून ठेवलेली असते. वांगे निखाऱ्यात भाजून त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि कच्चे तेल घातले की भरीत होते. हरभऱ्याचा पाला चिरून, शिजवून, त्याला थोडे बेसन लावले की आळण होते. त्या पाल्याला स्वतःचाच आंबटपणा असतो, त्यामुळे चिंचही लागत नाही. काहीच नसेल तर चून-भाकर आहेच. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे सोल्यांची भाजी.

भगिनींना ती येतेच. पण नव्या मुली आणि बंधू यांच्यासाठी कृती देतो. चार माणसांना तुरीचे दोन वाट्या हिरवे दाणे घ्यावेत. तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजावेत. आठ-दहा लसूण पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि थोडे जिरे घेऊन दाण्यांसह पाट्यावर जाडसर वाटावे. मिक्सर असेल तर त्यात फिरवावे, मात्र पीठ करू नये. मग तेलात कांदा परतावा, हळद-तिखट घालावे, वाटलेले दाणे घालून चांगले परतावे, तीन वाट्या गरम पाणी व मीठ घालून दहा-बारा मिनिटे उकळू द्यावे. वरून भरपूर सांबार. ही भाजी पातळच हवी. तिच्यात भाकर कुस्करून खाल्ली की पोट आणि मन दोन्ही भरते.

आजारी माणसाला, म्हाताऱ्यांना आणि लहान लेकरांना कण्या असायच्या. एक वाटी भरडलेली ज्वारी, चार-पाच वाट्या पाणी, मीठ आणि मंद विस्तव. अर्ध्या तासात मऊ कण्या तयार. गरम गरम कण्यांवर ताक घाला, दूध घाला, नाहीतर नुसते वरण घाला. आमच्या आजीचे दात गेले होते, तिने शेवटची काही वर्षे हिवाळा कण्यांवरच काढला.

अशा साध्या पेजेला धम्मग्रंथांतही मान आहे. विनयपिटकातील महावग्गात यागूचे, म्हणजे तांदळाच्या पातळ पेजेचे, दहा गुण भगवान बुद्धांनी सांगितले आहेत. यागू देणारा आयुष्य, वर्ण, सुख, बल आणि प्रतिभा देतो. यागू भूक भागवते, तहान शमवते, वायू दूर करते, मूत्राशय शुद्ध करते आणि न पचलेले अन्न पचवते. पंचपक्वान्नांचे हे वर्णन नव्हे, हे पातळ पेजेचे वर्णन आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गरिबाच्या गाडग्यात जे शिजते तेही दान देण्याच्या योग्यतेचे असते.

गरिबीचे गोडवे नकोत

येथे एक सावधगिरीचा इशारा आम्ही स्वतःलाच देतो. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. जुन्या जेवणाच्या आठवणी पोट भरलेल्या माणसाला गोड लागतात. आमच्या माणसांनी भाकर खाल्ली ती आवडीने कमी आणि दुसरे काही नव्हते म्हणून अधिक. भात हा सणाचा पदार्थ होता. पोळी पाहुण्यांसाठी होती. तुरीचे हिरवे दाणेही शेतमालकाच्या घरी टोपलीने आणि मजुराच्या घरी ओटीने येत.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट आई सांगते. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी तेव्हा लोकांच्या वाट्याला आली. लोक तिला मिलो म्हणत. दुष्काळी कामांवर सुकडी मिळे. आई म्हणते, "मिलोची भाकर गयातून उतरे नाही, पण उतरवा लागे."

एकाच धान्यावर जगण्याची शिक्षा शरीर भोगते, हे शास्त्रानेही सांगितले आहे. दख्खनमधील ज्यांचे मुख्य अन्न ज्वारी होते अशा गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळे. त्यात कातडी काळी पडून सोलते, हगवण लागते, मनही बिघडते. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात यावर मोठे काम केले. दोष ज्वारीचा एकटीचा नव्हता. ज्वारीसोबत डाळ, दूध, भाजी काहीच नव्हते, हा खरा दोष होता.

लाखोळी डाळीचे तेच. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत ही डाळ पिकते. दुष्काळात बाकी पिके गेली तरी ती तग धरते. पण महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर तिच्यातील विषारी द्रव्यामुळे पाय लुळे पडतात. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे आणि त्यांच्यातच हा लुळेपणा फार होता. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. आता कमी विष असलेले वाणही निघाले आहेत. यातून धडा एवढाच की ताटात काय आहे याइतकेच, ते ताट कुणी कुणाला वाढले, हेही पाहावे लागते.

आणि आपल्या समाजाला तर अन्नाचा आणखी एक इतिहास आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. पाण्याच्या हक्कासोबत ताटाच्या अब्रूचाही तो लढा होता. त्यानंतर आपल्या आजी-पणजींनी जे शिजवले ते स्वतःच्या कष्टाचे, स्वतःच्या चुलीवरचे अन्न होते. ते थोडे होते, साधे होते, पण मागून आणलेले नव्हते. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. ज्या जेवणाची नोंद कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकाने घेतली नव्हती, त्याची नोंद आपल्याच माणसाने घेतली. विदर्भाच्या आपल्या चुलींचीही अशी नोंद कुणीतरी घ्यायला हवी.

आमचा आजा १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला सिंदीहून नागपूरला गेला होता. शिदोरी काय होती असे आम्ही लहानपणी विचारले, तेव्हा तो म्हणाला होता, "सात भाकरी अन् तियाची चटणी." त्याच भाकरीची आम्हाला शाळेच्या वाटेवर लाज वाटावी, याला काय म्हणावे?

भाकर गेली कुठे?

आमच्या लहानपणी सिंदीच्या आसपास ज्वारीची शेते डोळ्यांत भरत. आता सोयाबीन, कपाशी आणि तूर. सोयाबीन लवकर निघते आणि रोख पैसा देते. ज्वारीवर पाखरे तुटून पडतात, राखणीला माणूस लागतो, कापणीच्या वेळी पाऊस आला की कणसे काळी पडतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. बैल कमी झाले तशी कडब्याची गरजही कमी झाली.

दुसरीकडे रेशनच्या दुकानातून गहू-तांदूळ आले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो, असा तेव्हा दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. हा हक्क मोठा आहे, त्याने उपासमार रोखली, हे कुणी विसरू नये. मात्र भरड धान्य कायद्याच्या कागदावर असले तरी आमच्या पिशवीत आले ते मुख्यत्वे गहू आणि तांदूळच. अशा रीतीने दोन पिढ्यांत भाकरीची जागा पोळीने घेतली.

यातली गंमत पाहा. १९९५ मध्ये राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली होती. तेव्हा झुणका-भाकर म्हणजे गरिबाचे जेवण. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले आणि तीच ज्वारी श्रीमंतांच्या ताटात पौष्टिक म्हणून मिरवू लागली. आमच्या बाजारात ज्वारी आता पुष्कळदा गव्हापेक्षा महाग मिळते. नागपूरच्या हॉटेलात चुलीवरची भाकर आणि भरीत खायला लोक मोटारीने जातात. आमच्या मुलीच्या डब्यातली भाकर गावंढळ आणि हॉटेलातली भाकर खास! म्हणजे लाज भाकरीत नव्हतीच. भाकर कोण खातो, त्यावर लाज ठरत होती.

शरीराचा हिशेब

आता थोडा हिशेबाचा भाग, कारण शेवटी आम्ही वाणिज्य शाखेचे. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. त्यामुळे पोट हळूहळू रिकामे होते आणि लवकर भूक लागत नाही. तिच्यासोबत तुरीचे दाणे किंवा डाळ असली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. जवसात ओमेगा-३ प्रकारची स्निग्ध द्रव्ये असतात. हिरव्या भाज्यांत लोह असते. त्यावर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा खाल्ला तर ते लोह अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागते. गाडीतल्या आमच्या मित्रांनी ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

हे सांगण्याचे कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्या आपल्याच मुली, सुना, बहिणी आहेत. नुसत्या भाजी-भाकरीने रक्तक्षय पळेल असे आम्ही म्हणत नाही. दवाखान्याच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण बिस्किटाच्या पुड्यावर दुपार काढणाऱ्या मुलीच्या ताटात हिवाळ्याचे तीन महिने तरी हिरवी भाजी पडावी, हे आपल्या हाती आहे.

भाकर थापणार कोण?

आता खरा प्रश्न. भाकरीचे गुण गाणारे बहुतेक पुरुष असतात, आणि भाकर थापणाऱ्या बहुतेक स्त्रिया! आम्ही मुलीला दोन दिवस उपदेश केला, तेव्हा आमच्या सहचारिणींनी शांतपणे विचारले, "एवढी आवडते तर एक दिवस तुम्ही का नाही करत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग शिकलो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते उकळत्या पाण्याने भिजवावे लागते. गरम पाण्याने पीठ थोडे शिजते आणि एकमेकाला धरते. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते आणि भाकर कडेने फाटते. म्हणून थोडे-थोडे दळून आणावे. पीठ भरपूर मळावे, थापताना खाली कोरडे पीठ घ्यावे, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा, आणि पाणी सुकण्याआधी उलटावे. हे सारे वाचायला सोपे आहे. आमची पहिली भाकर तव्यावर जाईपर्यंत तिचे चार तुकडे झाले. आई म्हणाली, "कारकुनाची भाकर हाय, चार प्रतीत निघाली." घरात सगळे हसले. मुलगीही हसली. तिने ते तुकडे भाजीत कुस्करून खाल्ले.

आता रविवारी सकाळची भाकर आमच्याकडे असते. गोल होत नाही, पण फुगते. आणि एक गोष्ट कळली. वीस मिनिटे वाकून थापल्यावर खांदे दुखतात. आईने हे आयुष्यभर केले आणि आम्ही ती भाकर गाईला घातली. हे कळायला आम्हाला पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत यावे लागले.

मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. ती आजही शाळेत पोळीच नेते. मात्र यंदा तूर भरली तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "डब्यात सोल्यांची भाजी दे, पोळीसोबत." आम्ही आग्रह केला नाही. लाज एका दिवसात बसत नाही आणि एका दिवसात उठतही नाही. अर्धी भाकर मिळाली, अर्धी पुढे मिळेल.

वाचक बंधू-भगिनींनो, या हिवाळ्यात आम्ही तीनच गोष्टी सुचवतो. आठवड्यातून एक दिवस घरात भाकर आणि हिरवी भाजी करा, आणि त्या दिवशी ती घरातल्या पुरुषाने करावी. घरात आई-आजी असेल तर तिच्याजवळ बसून तिच्या हाताच्या दोन भाज्या वहीत लिहून घ्या. वर्षभराने विचारू म्हणाल तर ती माणसे राहतीलच असे नाही. आणि मुलांना त्या भाकरीची पूर्ण गोष्ट सांगा. तिचा वास सांगा, तशीच तिची उपासमारही सांगा. ती कुणाच्या दारातून मागून आणलेली नव्हती, आपल्या माणसांनी कमावलेली होती, हेही सांगा.

ज्याला आपल्या ताटाचा इतिहास ठाऊक आहे, त्याला डबा उघडताना इकडेतिकडे पाहावे लागत नाही.